अंबाजी नाखव्यांची ओळख पटली

माणूस मेला की त्याला दाखला मिळतो. संकेतस्थळाचं उलट असतं: त्याचा दाखला संपला की ते मेलं असं धरतात. दोन्ही पद्धती विचारपूर्वक ठरवलेल्या असणार, कारण दोन्हींत अर्ज करावा लागतो.

रेवदंड्याचे अंबाजी नाखवे गेले आणि त्यानंतर सव्वीस दिवसांनी त्यांच्या संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र, ज्याला जाणकार एसएसएल म्हणतात, तेही मुदत संपून गेलं. दम्यामुळे होडी सुटली तेव्हा नाखव्यांनी हे संकेतस्थळ काढलं होतं. त्यावर एकच चौकट, चौकटीत एकच मजकूर. रोज संध्याकाळी ते तिथे दुसऱ्या दिवशीची भरती-ओहोटी, वारा आणि खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे सरकली आहे ते लिहीत. (भरतीची वेळ सरकारही सांगतं. पण सरकण्याआधी सरकारला कळवायची वाळूला सवय नाही.) नवं लिहिलं की जुनं पुसलं जाई. जुनं जपून ठेवायची सोय करू, असं त्यांच्या मुलीने, मनालीने, एकदा सुचवलं होतं. तेव्हा नाखवे म्हणाले होते, "कालच्या भरतीवर कोन होरी सोरतंय गो?"

त्यांनी शेवटचं लिहिलं ते असं: 'ओहोटी ६.४०. वारा बरा. वाळू दक्षिणेला सरकली, उत्तरेकडून या. अंगात कणकण आहे, उद्या बहुतेक लिहिणार नाही.'

उद्या त्यांनी खरंच लिहिलं नाही. तेव्हापासून त्यांची बायको केसर रोज संध्याकाळी वाळत घातलेले बोंबील गोळा करून झाले की फोनवर तेवढं वाचून मग चूल पेटवायची. सत्ताविसाव्या संध्याकाळी तिथे लाल पाटी आली: हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असतील. सवयीने तिथे डोकावणाऱ्या होडीवाल्यांनाही तीच पाटी दिसली. त्यांनी 'पुढे जा (असुरक्षित)' दाबलं. समुद्राने आजवर त्यांना याहून बरी अट घातली नव्हती. केसरने मात्र फोन पालथा ठेवला.

"उघरलं तं चोरतील," ती म्हणाली. "रावदे बंदच."

मनाली अलिबागच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आईला तेवढं वाचता यावं म्हणून प्रमाणपत्राचं काम तिने अंगावर घेतलं. तिच्या वाचनात आजवर अंदाजे अडीच हजार पुस्तकं आली आहेत आणि दुःख या विषयावरची तिने वेगळ्या कपाटात लावली आहेत. वाचणाऱ्या माणसाला सूचना वाचून काहीही करता येतं, अशी तिची श्रद्धा होती. (श्रद्धेला प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून ती बहुधा असुरक्षित असते.)

प्रमाणपत्राचा हेतू उदात्त आहे. संकेतस्थळ ज्याचं म्हणवतं त्याचंच आहे, आणि कोणी तोतया मधे शिरलेला नाही, याची त्यातून जगाला हमी मिळते. त्यासाठी मनालीने रेवदंड्याला येऊन दुपारी प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन मदत-खिडकीत लिहिलं. पलीकडून हेतल नावाच्या बाईंनी तत्परतेने उत्तर दिलं.

"डोमेनधारक श्री. अंबाजी यांच्याशी बोलणे होऊ शकेल का?"

"ते वारले."

"समजले. ते साधारण कधी उपलब्ध होतील?"

मनालीने या प्रश्नावर बराच वेळ विचार केला. (कुटुंबात याबाबत एकमत नाही.) शेवटी तिने परत तेच लिहिलं. हेतलबाईंनी खेद कळवला आणि कागदपत्रांची यादी पाठवली: मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि डोमेनधारकाच्या सहीचं संमतिपत्र. संमतिपत्रावरची तारीख मृत्यूनंतरची असावी.

मनालीने खिडकी बंद केली. पाणी प्यायली. खिडकी पुन्हा उघडून लिहिलं, "मी अंबाजी."

"नमस्कार अंबाजी सर! नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी सांगाल का?"

नाखव्यांचा फोन केसरच्या ट्रंकेत होता. ती तो रोज चार्ज करत असे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. त्यावर सहा आकडे आले, मनालीने ते कळवले.

"धन्यवाद सर. आपली ओळख पटली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

अंबाजी नाखव्यांनी पाच तारे दिले.

आता एकच पायरी उरली. कंपनीने त्रेचाळीस अक्षरांचा एक मजकूर दिला, उलटसुलट इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आणि कळवलं की हा आपल्या संकेतस्थळावर ठेवा, आमचं यंत्र चोवीस तासांत येऊन बघून जाईल. तो कुठे ठेवायचा हे सूचनांच्या दुसऱ्या पानावर होतं. संकेतस्थळावर मजकूर ठेवायची एकच जागा मनालीला माहीत होती. तिने तो बापाच्या चौकटीत चिकटवला, बटण दाबलं आणि समाधानाने अलिबागला गेली.

सकाळी सदाकाकाचा, नाखव्यांच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"मनाली, दादानं कायतरी लिवलंय."

"काका, ते मी..."

"वाचता येत न्हाय, पन लय लांब हाय. आमी होऱ्या न्हाय सोरल्या."

रेवदंड्याच्या अकरा होड्या त्या दिवशी किनाऱ्यावर राहिल्या. सात जणांच्या मते तो वादळाचा इशारा होता, तिघांच्या मते इंग्रजी. एकाने अक्षरं मोजून आपल्या होडीच्या नंबराशी जुळवली. समुद्र दिवसभर ताटातल्या पाण्यासारखा शांत होता.

दुसरं पान वाचून मनालीने मजकूर योग्य जागी ठेवला. यंत्र येऊन बघून गेलं. प्रमाणपत्र मिळालं, ते तिने बसवलंही. लाल पाटी गेली आणि कोपऱ्यात छोटं कुलूप आलं. मग तिने कुलपाखाली पाहिलं. चौकटीत अजून तीच त्रेचाळीस अक्षरं होती, आणि त्यांच्या आधीचं कुठेच नव्हतं. अडीच हजार पुस्तकांत, हात लावण्याआधी प्रत काढून ठेव, असं सांगणारं एकही निघालं नाही. किंवा निघालं असेल, पण ते तिने दुःखाच्या कपाटात लावलं नसावं.

ती रेवदंड्याला गेली. केसर बोंबील उलटत होती.

"आये, चोरांचं काम मीच केलं," मनाली म्हणाली.

केसरने फोन हातात घेतला, कुलूप पाहिलं, अक्षरं पाहिली.

"इतकंच नं? मना पाठ हाय. लिव."

तिने सांगितलं तसं मनाली लिहीत गेली. ओहोटी ६.४०. वारा बरा. वाळू दक्षिणेला सरकली, उत्तरेकडून या. अंगात कणकण आहे, उद्या बहुतेक लिहिणार नाही.

"आनि त्याच्या पुरं लिव," केसर म्हणाली, "केसर, जेवून घे."

नाखव्यांनी अकरा वर्षांत त्या चौकटीत कोणाचं नाव लिहिलं नव्हतं. बोटीचंसुद्धा नाही.

"व्हतं ना असंच?"

"होतं, आये," मनाली म्हणाली, आणि तेही लिहिलं.

त्या संध्याकाळी चूल वेळेवर पेटली. संकेतस्थळ आता पूर्ण सुरक्षित आहे. नाखव्यांच्या चौकटीतून निघालेलं एक अक्षरही वाटेत कोणी बदललेलं नाही, असं प्रमाणपत्र जगाला नव्वद दिवस सांगत राहील, आणि ते खरंच आहे. चौकटीत बसून कोण लिहितं, ते प्रमाणपत्र विचारत नाही.

यावर वाचकाला हसू आलं असेल तर हरकत नाही. मात्र तुमच्या गेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द म्हणून तुम्ही जे चारचौघांत सांगता, त्यावर तर कुलूपही नाही.