डबलिंगचं दुपटं

मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात संजूला डबलिंग खात्यात घातलं, तेव्हा जयाला वाटलं, नवऱ्याला काहीतरी शिक्षाच झाली. रात्रपाळी करून आलेला संजू विचारायच्या आधीच झोपला. म्हणून ‘डबलिंग म्हणजे काय?’ हे विचारायला तिने शेजारच्या रमाकांत सरांना गाठलं. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे.

शब्दाचा अर्थ विचारणारं माणूस सरांना सिल्वासात प्रथमच भेटलं होतं. ते थेट लॅटिनपर्यंत गेले. त्या भाषेत ‘दु’ म्हणजे आपले दोन आणि ‘प्लस’ म्हणजे घडी. दोन घड्यांचं ते डबल. जयाचा चेहरा कोराच राहिला, तेव्हा सरांनी आवाज चढवला.

“अहो, सोपं आहे. दोन धागे एकत्र पिळायचे, तेच डबलिंग. बाळाचं दुपटं असतं ना? तसंच. दुपटं!”

ते राहत होते त्या डोकमर्डीच्या चाळीत नळ समोरच होता. तिथे उभ्या भिमाबाईंना शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले, आणि जया खुशीत मान हलवताना दिसली. संध्याकाळी बायका दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी घेऊन दारात आल्या. जया नाही नाही म्हणाली, ते सगळ्यांनी लाजण्यात जमा केलं. त्याच आठवड्यात भिमाबाई लग्नाला संजूच्या गावी, शिरपूरला गेल्या.

तिथून संजूची आई कमळाबाई आली, ती डिंकाचे लाडू आणि हाताने शिवलेली दुपटी घेऊनच. दाराशी चाळ जमली. आतल्या खोलीत जयाने रडत सगळं सांगितलं. कमळाबाई सुनेचे डोळे पुसून बाहेर आली.

“बातमी खोटी निघाली माय,” ती शांतपणे म्हणाली. “बरं झालं, त्या निमित्ताने सुनेचा संसार तरी पाहिला.”

पहिला लाडू तिने भिमाबाईंच्या हातावर ठेवला. भिमाबाईंना मान वर करवेना. रमाकांत सर माफी मागायला आले आणि मागता मागता पुन्हा लॅटिनमध्ये शिरले. त्यांची बायको शैलजा बाही ओढत होती, पण कमळाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“शब्द छान आहे सर. फक्त नळाला पाणी असताना सांगू नका.”

कमळाबाई निघाली, तेव्हा जया तिला दुपटी परत देऊ लागली.

“राहू दे. घाई नाही. तोवर संजूचा डबा बांधत जा त्यात.”

दुसऱ्या दिवशी डबा दुपट्यात बांधून मसाटला गेला. जेवणाच्या सुट्टीत तो संजूने उघडायच्या आतच, डबलिंग खात्यातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पेढे मागितले.