सिगारेट सुटली कुणाची

चष्म्याच्या दुकानदाराने सिगारेट सोडायचं ठरवलं, तेव्हा ते बायकोला कळू द्यायचं नाही हेही ठरवून टाकलं. आजवर दर वेळी त्याने तिला आधी सांगून सिगारेट सोडली होती, आणि दर वेळी तिने उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघून "बरं" म्हटलं होतं. त्या "बरं"ची त्याला इतकी चीड यायची, की ती शमवायला एक सिगारेट ओढावी लागायची.

बायको मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. सगळे तिला बाई म्हणत. शाळेच्या आसपास सिगारेटचं थोटूकही दिसता कामा नये म्हणून तिने साऱ्या रस्त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. अशा बाईंचा नवरा चारचौघांत धूर काढताना दिसला तर तिची शोभा झाली असती. म्हणून तो दुकानामागच्या जिन्यावर उभा राहून ओढायचा, मग चूळ भरायचा, हात साबणाने घासायचा आणि वर बडीशेप खायचा. शेजारच्या दुकानदारालाही इतक्या वर्षांत पत्ता लागला नव्हता, याचा त्याला मनातून अभिमान होता.

या खेपेला औषधाच्या दुकानातल्या माणसाने त्याला निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. दंडावर चिकटवायची, चोवीस तास ठेवायची, आंघोळीतही ती निघत नाही, फक्त कातडी कोरडी हवी आणि तिला तेल लागलेलं नसावं, असं त्याने दोनदा बजावलं. पण आंघोळीनंतर अंगाला तेल चोळायची सवय दुकानदाराला लहानपणापासून होती, आणि एका वेळी एकच सवय सोडता येते असं त्याचं मत होतं.

पाकिटातली शेवटची पट्टी लावून तो झोपला आणि सकाळी पाहतो तर दंड मोकळा. त्याने उशी झटकली, पांघरूण झटकलं, पलंगाखाली डोकं घातलं. बायकोने काय हरवलंय म्हणून विचारलं, तेव्हा त्याने "मोजा" म्हणून वेळ मारून नेली. मोजे दोन्ही पायांत होते. बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडली होती, छातीत धडधडत होतं आणि चहाचा घोट घशाखाली उतरत नव्हता. आपल्यालाही बरं वाटत नाही असं तो म्हणाला. तुम्हाला काय झालंय, असं तिने विचारलं आणि तो मोजा शोधायला पुन्हा पलंगाखाली वाकला. ती तशीच शाळेत गेली.

औषधवाल्याकडे नव्या पट्ट्या संध्याकाळी यायच्या होत्या. तोवर दुकानदाराचं डोकं असं काही तडकलं, की काचा पुसायच्या फडक्याचाही त्याला राग येऊ लागला. नेमके तेव्हाच एक पेन्शनर काका डोळे तपासायला आले. त्याने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि तो भिंगं बदलू लागला.

"आता बरं दिसतंय की मघाशी?"

"मघाशी," काका म्हणाले. "नाही, आता. थांबा, मघाशीचं परत दाखवा."

त्याने परत दाखवलं. काकांना आता त्याच्याही आधीचं बघावंसं वाटू लागलं. हे इतका वेळ चाललं, की शेवटी दुकानदाराने भिंगांचा खोका आपटला आणि डोळे तुमचे आहेत, मी काय सांगणार, घरी जाऊन काकूंना विचारून या, असं काकांना सुनावलं. काका अपमानाने ताडकन उठले आणि फ्रेमसकट बाहेर पडले. तिच्यातून त्यांना पायरी नको तिथे दिसत होती. दुकानदार त्यांच्यामागे धावला आणि त्यांचा दंड धरून त्यांना पायरी उतरवत असतानाच फोन आला. बाई मैदानावर सगळ्या शाळेसमोर बोलता बोलता चक्कर येऊन पडल्या होत्या.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे पळाला होता. बाई खाटेवर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांना गाडीतून घेऊन आलेले खेळाचे सर आणि उपमुख्याध्यापिका बाजूला उभे होते. नर्स छातीच्या तपासणीच्या वायरी लावत होती. घामाने भिजलेली पाठ पुसायला तिने बाईंना कुशीवर वळवलं आणि ती थबकली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, हात पोचत नाही अशा जागी, एक चौकोनी पट्टी घट्ट चिकटलेली होती.

डॉक्टरांनी ती सोलून काढली आणि उजेडात धरून वाचली. मग बाईंकडे वळून ते थंडपणे म्हणाले, "सिगारेट सोडताय ही चांगली गोष्ट आहे. पण पट्टी लावल्यावर वरून ओढायची नसते. असंच होतं."

बाईंनी फक्त मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेने भलेभले द्वाड विद्यार्थी कबुलीजबाब देत आले होते, मग त्याची काय कथा. पट्टी माझी आहे, ओढतो मी, झोपेत निसटून तिला चिकटली, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मान डोलावली, पण विश्वास बसल्यासारखी नव्हे. उपमुख्याध्यापिका त्याला बाहेर घेऊन आल्या.

"तुम्ही कधी ओढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाईंसाठी तुम्ही हे अंगावर घेताय. माझ्या घरच्यांनी नसतं घेतलं."

त्याने पुरावा म्हणून खिशातून लायटर काढून दाखवला. त्यांचे डोळे भरून आले. "त्यांचा लायटरसुद्धा तुम्हीच जवळ ठेवता?"

घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, की उद्या शाळेत येऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं. वर्षानुवर्षं जपलेलं नाव एका चिकटपट्टीने धुळीला मिळवलंत, हे त्यांनी म्हटलं नाही. पण त्याला ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तो उभा राहिला आणि त्याने जिना, चूळ, साबण, बडीशेप, काही म्हणून दडवलं नाही. बोलणं संपल्यावर टाळ्या झाल्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं कुणीतरी म्हणालं. आता मात्र बाईंचा संयम सुटला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत खेळाचे सर उठले.

"बाई, तुम्ही कबूल करायला उठलात म्हणून मीही सांगतो," ते खाली बघत म्हणाले. "मीपण ओढतो. खेळाच्या साहित्याच्या खोलीमागे. तुमच्या सूचना वाचल्या की जास्तच ओढतो. तुम्ही कशी सोडताय, ते मला सांगाल?"

त्यांच्यामागून चित्रकलेचे सर उठले. मग प्रयोगशाळेतले उठले. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं फलक लावून, दंड करून, वास घेत हिंडून त्यांना जे जमलं नव्हतं, ते समोर हात जोडून उभं होतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

"अवघड असतं," त्या म्हणाल्या. "पण जमतं."

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मंडळी बाईंभोवती जमू लागली. नवऱ्याने इतक्या खेपांना घरात जो काही वैताग आणला होता तो बाईंच्या चांगला लक्षात होता. तलफ कशी येते, हात कसे शिवशिवतात, फडक्याचाही राग कसा येतो, हे त्या डोळे मिटून असं सांगत, की ऐकणारे आपसूक माना डोलावत. दुकानदारही कोपऱ्यात बसायचा, कारण गरज त्यालाही होती. एकदा न राहवून, जेवणानंतरची तलफ सगळ्यांत वाईट, असं तो बोलून गेला.

खेळाच्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, साहेब. ज्याने कधी ओढलीच नाही, त्याला नाही कळायचं ते."

त्याला त्या क्षणी सिगारेट हवी होती, नितांत हवी होती. पण त्याचाही मार्ग बंद झाला होता. त्याच्या अंगाला जरा जरी धुराचा वास आला असता, तरी बाईंनी परत सुरू केली असंच सगळ्यांनी धरलं असतं, आणि तेवढ्यावरून सगळी मंडळी पुन्हा साहित्याच्या खोलीमागे गेली असती. ओढायची सोयच उरली नाही. आणि अशा रीतीने त्याची सिगारेट कायमची सुटली.

वर्ष पुरं झाल्यावर शाळेत छोटासा समारंभ झाला. सत्कार बाईंचा झाला. फुलं धरायला नवऱ्याला पुढे बोलावलं.