अव्वल हक दवाखान्याचा

कुणाचा हात जिनिंगच्या यंत्रात सापडला की आमच्या परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी मुन्शी नरहरराव धावत. जखमेकडे न बघताच विचारत, "हरजाना कोन देनार?"

भरपाई देणाऱ्याचं नाव कळलं की स्वारी खूश. मग ते रोग्याच्या प्लास्टरवर दवाखान्याचा शिक्का उमटवत. रोगी पैसे मागायला कुठंही जावो, देणाऱ्याला आधी आमचं बिल आठवावं. "अव्वल हक दवाखान्याचा," असं म्हणत ते शाईवर फुंकर मारत. राज्य निजामाचं होतं, पण परभणीतल्या मोडक्या हाडांवर अंमल मुन्शीजींचा.

बिनदाव्याचा रोगी त्यांना खपत नसे. चिंचेवरून पडलेल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "झाडावर दावा लागतो का? पडायचंच व्हतं तर रेल्वेतून तरी पडायचं." मी तिथं कंपाउंडर. या माणसाला देवानं काळजाच्या जागी दौत बसवलीय, असं माझं ठाम मत होतं.

मग पिंगळीची गंगाबाई आली. विधवा बाई, उजवा हात कोपरापासून गेलेला. दीर खाटेपाशी ठाण मांडून. जिनिंगमालकाचा माणूस हरजाना घेऊन आला, तसं दिरानं उपरणं पसरलं.

"वहिनी काय करनार पैशाचं? आमीच सांभाळायलोत तिला."

"अव्वल हक दवाखान्याचा," म्हणत मुन्शीजींनी सगळी रक्कम ओढली. खाट, पट्ट्या, दूध, कंदिलाचं तेल. खिडकीतला वारा तेवढा बिलात लावायचा राहिला. "वर तुमच्याकडंच बाकी निघायलीय. कवा भरता?"

दीर गेला तो पुन्हा फिरकला नाही. गंगाबाई डाव्या हातानं तोंड झाकून रडली. मला मुन्शीजींची किळस आली.

दुसऱ्या दिवशी पालमहून तिची आई आली. निरोप मुन्शीजींनीच धाडला होता. त्यांनी सगळे पैसे तिच्या पदरात बांधले. "लेकीला माहेरी न्या. दिराला कळू देऊ नका."

"आन् दवाखान्याचं?"

"डॉक्टरसाहेबांनी माफ केलं."

साहेबांनी काही माफ केलं नव्हतं. पुढं कितीतरी महिने ते गंगाबाईचं बिल मुन्शीजींच्या पगारातून कापत राहिले. मी एकदा विचारलंच. मुन्शीजींनी दौतीचं झाकण लावलं.

"माझ्या भैनीचे पैसे असेच दिरानं नेले," ते म्हणाले. "तिला घराबाहीर काढलं. मला लय उशिरा कळलं. लाजंनं माझ्या दारातबी आली न्हाई हो ती."