गप्प बसणाऱ्यांचा अंगठा

माणसाला वाचा देताना ती बंद करायची कळ द्यायची राहून गेली, आणि जगातली निम्मी भांडणं तेव्हापासून चालू आहेत. ही चूक निस्तरण्याचं काम हल्ली समाजमाध्यमं चालवणाऱ्या परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांकडे आलं आहे. वादग्रस्त बोलणाऱ्याला आपल्या भिंतीवर बोलू द्यावं की हाकलून द्यावं, यावर तिकडे समित्या बसतात, वकील बसतात, आणि निर्णय काही होत नाही. त्या बिचाऱ्यांनी एकदा वसईजवळच्या आमच्या गोखिवऱ्याला यायला हवं होतं. हाच प्रश्न आमच्या संवाद रेसिडेन्सीने एका रविवारी, वडापाव यायच्या आत सोडवला.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘संवाद परिवार’. सेक्रेटरी संग्राम आणि मी, असे दोघे त्याचे अ‍ॅडमिन. (संग्राम निवडून आलेला आहे. मला फोन चालवता येतो.) ग्रुपवरच्या मजकुराची मी एकदा शास्त्रशुद्ध पाहणी केली. बासष्ट टक्के शुभ सकाळ, एकवीस टक्के वाढदिवस, अकरा टक्के शेजारच्या हितेशने पुढे ढकललेली माहिती आणि पाच टक्के चुकून बोट लागून गेलेलं, असा हिशेब निघाला. उरलेला एक टक्का म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा स्टॅनी. सगळी डोकेदुखी त्या एका टक्क्याची.

स्टॅनी मूळचा पापडीचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गातो, त्यामुळे त्याने लिहिलेलंसुद्धा मोठ्याने ऐकू येतं. पाऊस सुरू झाल्यावर त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘पाण्याला वास येतोय.’ मग लिहिलं, ‘टाकी शेवटची कधी धुतली?’ आणि मग तर कहरच केला, ‘झाकण उघडून बघू या का?’ आता बघा, यात शिवी नाही, कुणाच्या देवाधर्माचा अपमान नाही. शिवी असती तर माणसाला सरळ बाहेर काढता आलं असतं. साध्या प्रश्नाचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

टाकीबद्दल थोडं सांगायला हवं. ती पार्किंगच्या खाली आहे. तिच्या लोखंडी झाकणावर संग्रामची गाडी उभी असते, आणि झाकणाला लागूनच गटाराचं चेंबर आहे, ते पावसात भरून वाहतं. टाकी धुवायची तर गाडी हलवावी लागणार. गाडी एकदा हलली की ती जागा हितेश पटकावणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे टाकीचा प्रश्न मुळात पाण्याचा नव्हेच, तो पार्किंगचा आहे, आणि पार्किंगवर बोलायचं नाही हा आमच्या सोसायटीचा सभ्यपणा आहे. स्टॅनीला तेवढा नव्हता.

म्हणून त्या रविवारी आम्ही नियम केले. ते इतके सोपे आहेत, की कंपन्यांनी खुशाल उचलावेत.

एक : ज्या विधानाला उत्तर द्यावं लागतं ते वादग्रस्त.

दोन : जे पुढे ढकललेलं आहे ते वादग्रस्त नाही, कारण ढकलणाऱ्याने ते स्वतः म्हटलेलं नसतं.

तीन : वादग्रस्त सभासदाला परिवारातून प्रेमाने वगळण्यात येईल.

चार : मतदानात जो अंगठा देईल त्याची संमती, आणि जो गप्प बसेल त्याचाही अंगठा मोजण्यात येईल, कारण हरकत असती तर तो बोलला असता.

दुसऱ्या नियमामुळे हितेशची मोठी सोय झाली. कानात लसूण ठेवला की हृदयविकार पळतो, अमुक लोकांच्या गाडीवरची फळं घेऊ नका, ते त्यांना काहीतरी लावून विकतात, तमुक लोकांना भाड्याने घर देऊ नका, असं तो दिवसभर पाठवत असतो. स्टॅनीने एकदा त्याला विचारलं होतं, ‘हे खरं कशावरून?’ स्टॅनीला पहिली ताकीद मिळाली ती यासाठी. हितेशचा मजकूर हजारो लोकांनी आधीच पुढे पाठवलेला होता, आणि एवढ्या लोकांच्या बोटांवर अविश्वास दाखवणं आम्हाला बरं वाटलं नाही.

स्टॅनीला काढायचा ठराव आला तेव्हा सहा अंगठे पडले. बाकीचे गप्प होते, म्हणजे ठराव एकमताने पास. सभेत त्याने एवढंच मागितलं, की मला काढायचं तर काढा, पण आत्ता चौघे खाली चला आणि झाकण उचला. तेवढ्यात वडापाव आले.

त्यानंतर ग्रुपवर काय शांतता पसरली म्हणून सांगू! सकाळी धबधब्यांची चित्रं यायची आणि त्यांच्याखाली हात जोडलेले असायचे. नळाला वास तर होताच, पण त्यावर बोलणारं कुणी नसल्यामुळे तो कमी झाल्यासारखा वाटू लागला.

पुढे श्रावणात एक नवी फॅशन आली. लोक शर्टाची वरची गुंडी लावू लागले. बायका घामाने निथळत असतानाही गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून लिफ्टमध्ये यायच्या. मला आधी वाटलं, काहीतरी व्रत असेल. मग एकदा संग्राम बुटाची लेस बांधायला वाकला आणि त्याच्या गळ्यातली माळ बाहेर आली. काविळीची माळ! वैदू देतो ती, बारीक काड्यांची. ती लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असं आपल्याकडे मानतात. (माळ का लांबते, हा प्रश्न पहिल्या नियमाखाली येतो.) संग्रामने माळ चटकन आत सारली आणि आम्ही दोघांनी हवामानावर चर्चा केली. मीही माझ्या गळ्याशी हात नेऊन गुंडी चाचपली. लिफ्टमध्ये पाच माणसं असतील तर चौघांच्या गळ्यात माळा, आणि प्रत्येकाची खात्री की आपण काल बाहेर भेळ खाल्ली त्यानेच हे झालं. ग्रुपवर कावीळ हा शब्द कुणी लिहिला नाही. ‘गेट वेल सून’ मात्र पुष्कळ आलं. कुणाला आणि कशासाठी, ते विचारायची पद्धत नव्हती.

एकट्या स्टॅनीला काही झालं नाही. त्याची बहीण मर्सी पापडीला वाडीत राहते. तिच्या विहिरीचं पाणी उकळून, कॅनमध्ये भरून हा रोज स्कूटरवरून आणत होता. यावर हितेशने सभेत मार्मिक मुद्दा मांडला, की सगळी इमारत पिवळी पडते आणि हा एकटाच कसा काय ठणठणीत? त्याला आधीपासून माहीत होतं म्हणजे यात काहीतरी आहे. संग्रामने मान हलवली. मलाही तर्कात खोट दिसली नाही.

मग माझी मुलगी आजारी पडली. अनुष्का बारावीला आहे. आधी उलट्या, मग ताप, मग एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत होती. हळद लावावी तसे डोळे. वसईच्या इस्पितळात ठेवलं. डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली माळ कात्रीने कापली, रिपोर्ट बघितला, आणि घरी कुठलं पाणी पिता ते विचारलं. लिव्हरला फार सूज आहे, हेच पाणी पुन्हा पोटात गेलं तर मुलीचं काही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. डॉक्टर वादग्रस्त होते, पण ग्रुपवर नव्हते, त्यामुळे त्यांना काढता आलं नाही.

पोरीला घरी आणलं त्या दिवशी दारात पाण्याचा कॅन होता. स्टॅनीने ठेवलेला. वगळलेल्या सभासदाचं पाणी घ्यावं की नाही, यावर मी विचार करत होतो, तोवर माझी बायको संपदा कॅन उचलून आत घेऊन गेली. नंतर कळलं, की निम्मी इमारत दुपारी वामकुक्षीच्या वेळेला बाटल्या घेऊन त्याच्या दारात जाते. बोलायचं नाही, बाटली पुढे करायची. हितेश सर्वात मोठी बाटली नेतो. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटलं. माणसाचं बोलणं नको आणि पाणी हवं, ही गोष्ट एवढ्या सुबकपणे कुणालाच जमली नसेल.

पण स्टॅनीने त्यातही खोडा घातला. तो बायकोला घेऊन पापडीला कायमचा राहायला निघाला. सामान टेम्पोत चढत असताना शेवटचा कॅन घेऊन वर आला. धाप लागली होती.

“सदानंदराव,” तो म्हणाला, “हा संपायच्या आत झाकण उघडा. पोरीसाठी तरी.”

मी ‘बघू’ म्हटलं. आत पलंगावरून अनुष्काने ते ऐकलं होतं. एवढीशी झाली होती ती.

“बाबा, तुम्ही अ‍ॅडमिन आहात ना?” तिने विचारलं. “मग विचारा की.”

मी लगेच फोन घेतला आणि लिहिलं, ‘टाकी शेवटची कधी धुतली?’ ते पाठवणार, तेवढ्यात पहिला नियम आठवला. मी स्वतः टाइप केलेला नियम. ते पुसलं आणि रीतसर ठराव टाकला : ‘टाकीचे झाकण आहे तसे बंद ठेवावे. हरकत असल्यास कळवावे.’ ठराव असाच टाकावा लागतो. कार्यकारिणीला जे हवं ते लिहायचं आणि विरोधाला वाव ठेवायचा.

आणि मनातल्या मनात म्हणत होतो, कुणीतरी एकाने बोला रे. एकाने!

दोन दिवसांत सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा झाल्या. संग्राम खाली गाडी पुसत होता. संपदाने ओट्याजवळ उभं राहून वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. (ती ग्रुपवर कधीच बोलत नाही. मीच सांगून ठेवलंय, अ‍ॅडमिनच्या घरच्यांनी बोलू नये.) मीही काही लिहिलं नाही, अ‍ॅडमिनने तटस्थ असावं लागतं. एका बाजूला कॅन, त्यात आता तळाशी चार बोटं पाणी. शेवटी हितेशने कमळाचं चित्र पाठवलं.

ठराव एकमताने पास झाल्याचं मी जाहीर केलं.

ही पद्धत कुणाला अन्यायाची वाटत असेल, तर त्याने चौथा नियम वाचला तेव्हाच तसं म्हणायला हवं होतं. तुम्ही तो वाचलात. मधे हसलात, माझ्या पोरीचे डोळे पिवळे झाले तिथे तुम्हाला वाईटही वाटलं असेल, आणि आता हे कुणाला पुढे पाठवावं याचा विचार करत असाल. पण इथवर येईपर्यंत तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. तुमचा अंगठा मी मोजला आहे.