कॅल्शियम सावकाश जातं

निरसोळच्या सरकारी रुग्णालयात कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेत जाण्याआधी पेशंटशी बोलून घेतं. बाकीची औषधं बोलत नाहीत; त्यांचा स्वभाव तसा. कॅल्शियम मात्र बोलतं, आणि त्याचं समाधान झाल्याशिवाय सिरिंजमधून हलत नाही. नव्याने बदलून आलेले डॉक्टर सुरुवातीला जोर लावून बघतात. मग शिकतात.

मंदाकिनी खरमाटे दाखल झाल्या तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या एसटीत कंडक्टर. नवरा भगवान त्याच डेपोत ड्रायव्हर, आणि बरीच वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. लोकांना वाटायचं, नशीबवान आहेत, दिवसभर बरोबर असतात. खरं तर तो पुढे, ती मागे आणि मध्ये भरलेली गाडी. बोलणं काय ते घंटीचं. एक दिली की थांब, दोन दिल्या की चल.

गळ्यातली थायरॉइडची गाठ काढून झाली. ऑपरेशन चांगलं झालं, आवाज तेवढा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, मग उजव्या हाताची बोटं आखडली आणि अंगठा तळव्यात वळला. भगवानने बोटं सरळ करून पाहिली. ती परत मिटली. घाटातल्या वळणावर दांडीला न धरता उभी राहणारी आपली बायको आता कॉटची कड धरायला बघत होती आणि तिला ती धरता येत नव्हती. भगवान धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर इम्रान तांबोळी तरुण होते आणि बाहेर ओपीडीत माणसं खोळंबली होती. त्यांनी हात पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला; गाठ काढल्यावर रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं होतं. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन मागवलं. वॉर्डच्या सिस्टर रेणुका भालशंकर यांनी काचेचं ॲम्प्यूल फोडून औषध मोठ्या सिरिंजमध्ये सलाईनबरोबर मिसळलं. डाव्या हाताला अँटिबायोटिकची बाटली चालूच होती. डॉक्टर म्हणाले, त्याच नळीतून देऊन टाकू.

"तिथून नाही जमायचं," सिरिंजमधून कॅल्शियम म्हणालं. "तिथे ते आहेत."

मंदाकिनीबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना. ते तुमच्याचसाठी बोलतात."

कॅल्शियमने शांतपणे खुलासा केला. त्या अँटिबायोटिकशी आपलं वैयक्तिक भांडण नाही. पण एका वाटेवर गाठ पडली की दोघांचेही खडे होतात, आणि भर रस्त्यात खडे झाले तर पेशंटने काय करायचं? डॉक्टरांना हे पुस्तकातून माहीत होतं. घाईत राहून गेलं, असं त्यांनी कबूल केलं आणि बाटली बंद केली. कॅल्शियमने तेवढ्यावर भागवलं नाही. दुसरा हात हवा, असं त्याने सांगितलं, आणि मनगटाजवळची बारीक शीर नको, चांगली रुंद हवी.

"मी रस्त्याबाहेर सांडलो तर मांस जाळतो," ते म्हणालं. "मला ते आवडत नाही, पण माझ्या हातात नाही."

उजवा हात तर आखडलेला. सिस्टरनी तो उशीवर ठेवला आणि कोपराच्या खाली एक ठसठशीत शीर शोधून सुई बसवली. थोडं सलाईन सोडून वाट मोकळी असल्याची खात्री केली. छातीला वायरी लावून मॉनिटर सुरू केला. तोवर कॅल्शियमने विचारून घेतलं, हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी कुणी घेतं का. मंदाकिनीबाई म्हणाल्या, सासूबाई घेतात.

"त्या इथे आहेत?"

"घरी आहेत."

"मग हरकत नाही."

भगवानला हे सगळं फार लांबतंय असं वाटत होतं. आपण ड्रायव्हर आहोत, एकदा रस्ता मिळाला की गाडी काढायची, असं त्याने जरा चिडूनच सुनावलं. कॅल्शियमला राग आला नाही. आपली वाट हृदयावरून जाते, असं त्याने सांगितलं. सावकाश गेलं की हृदय ओळख देतं. धाडकन दारात उभं राहिलं तर ते खाली बसून घेतं, आणि बसलेलं हृदय उठवणं फार कठीण. सिस्टरनी भगवानसाठी स्टूल सरकवलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहायला सांगितलं.

तो बसला. इतक्या वर्षांत दिवसा असं शेजारी बसायची ही पहिलीच वेळ, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

सिस्टर मॉनिटरवर नजर ठेवून सिरिंजचा दट्ट्या अगदी हळू पुढे सारत होत्या. निम्मं औषध गेल्यावर मंदाकिनीबाईंच्या अंगातून गरम लाट गेली. मॉनिटरवरचे ठोके मंदावले. त्यांच्या तोंडून घोगरा आवाज निघाला, "एक घंटी."

सिस्टरचा हात आधीच थांबला होता. डॉक्टर मॉनिटरजवळ आले आणि तिथेच उभे राहिले. बाहेरून कुणी तरी त्यांना हाक मारली; त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मी थांबलोय," कॅल्शियम म्हणालं. "तुमचं होऊ द्या."

हळूहळू ठोके जागेवर आले. डॉक्टर म्हणाले, आता आणखी हळू पुढे जाऊ या. पण मंदाकिनीबाई घाबरल्या होत्या. काही तरी बोलायचं म्हणून त्यांनी कॅल्शियमला विचारलं, "तुमच्यातलं कुणी परत येतं का हो?"

"नाही. एकदाच जायचं असतं."

बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला खिडकीची जागा द्यायला हवी होती."

"रस्ता चांगला मिळाला," कॅल्शियम म्हणालं. "तेवढं पुष्कळ आहे."

तरी 'चल' म्हणायला त्यांना धीर होईना. आजवर हजारो वेळा त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या वेळी तुम्ही द्या."

भगवानने मॉनिटर पाहिला, डॉक्टर मान डोलावतात का ते पाहिलं आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर बोटाने दोनदा टकटक केलं.

सिस्टरनी दट्ट्या पुन्हा पुढे सारायला घेतला, पहिल्याहून हळू. मध्ये एकदा कॅल्शियम कोपराच्या वरून म्हणालं की इथून पुढचं त्याला माहीत आहे, आणि मग बोललं नाही. शेवटी सिस्टरनी मागून सलाईन सोडून वाट धुतली. जरा वेळाने अंगठा तळव्यातून बाहेर आला. मग एकेक बोट सुटलं. मंदाकिनीबाईंनी हात उघडून मिटून पाहिला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. त्या झोपल्या तरी तो स्टुलावरून उठला नाही. डॉक्टरांनी संध्याकाळी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं आणि ते ओपीडीकडे गेले, घाई न करता चालत गेले.

सिस्टर औषधांच्या कपाटाशी आल्या तेव्हा ट्रेमधली बाकीची कॅल्शियमची ॲम्प्युलं जागीच होती.

"पोचले का?" त्यांतल्या एकाने विचारलं.

"पोचले."

"सावकाश?"

"सावकाश. मध्ये एकदा थांबले होते."

बरं झालं, असं सगळी म्हणाली. मग ती थोडी थोडी सरकली आणि त्यांनी रिकामी झालेली जागा भरून घेतली.