पुरावा जेवायला बसतो

"परिच्छेद अशक्त आहेत. पुरावा कुठे?"

नातीच्या, वर्षाच्या वहीतली ही लाल अक्षरं बायडीनं एकेकाखाली बोट सरकवत वाचली आणि वही मांडीवर आपटली. शाळा तिची दुसरीतच सुटलेली, पण एवढं नक्की कळलं की तिच्या घरातल्या कशालातरी कुणीतरी अशक्त म्हटलं होतं आणि वर पोरीला खोटं पाडलं होतं.

"कोणी लिवलं हे?"

"देवराम सरांनी. आजी, ते खोटं नाय म्हणत. मुद्दा मांडला का त्याखाली पुरावा द्यायचा, मंग तो उलगडून सांगायचा. तेवा परिच्छेद ताकदीचा होतो."

निबंधाचा विषय होता 'आश्रमशाळेच्या जेवणात नागली हवी'; नागली म्हणजे नाचणी. वर्षानं मुद्दे तीन मांडले होते : नागलीनं पोट टिकतं, नागली वर्षानुवर्षं टिकते, नागलीनं हाड टिकतं. पालघरच्या स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जायचा होता. सोमवारी तीन वाजता सर पाकीट घेऊन एसटीत बसणार. तोवर परिच्छेद सुधारले नाहीत, तर पाकीट निघणारच नव्हतं. वर्षा दोन दिवस नीट जेवली नव्हती.

साखरशेतच्या त्यांच्या पाड्यावर पुरावा म्हणजे उठून उभा राहणारा माणूस. वाद झाला की चार जाणती माणसं बसत आणि ज्याच्या बाजूनं साक्षीदार उठेल तो जिंके. बायडी तिथं चाळीस वर्षांत हरली नव्हती, कारण तिच्या विरुद्ध उठायची कुणाची छातीच होत नसे.

"तीन मुद्दे ना? मंग तीन पुरावे घेऊन येते तुझ्याबरोबर. रडतेस काय!"

सोमवारी सकाळी जीपमध्ये वर्षाशेजारी बायडी, बायडीच्या मांडीवर नागलीची पिशवी आणि पाठीमागे शेजारचा तुका, असे सगळे पुरावे आश्रमशाळेकडे निघाले. तुका म्हणजे पहिल्या मुद्द्याचा पुरावा. सकाळी एक नागलीची भाकर खाऊन तो दिवस कलेपर्यंत आवणी, म्हणजे भाताची लावणी करतो, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. पण जीप चुकू नये म्हणून बायडीनं त्याला भल्या पहाटे अंथरुणातून ओढून काढलं होतं. भाकर राहिलीच.

देवराम सर वर्गात फळ्यावर लिहीत होते. बायडीनं दारातूनच विचारलं, "अशक्त कोणाला म्हणालात?"

सरांच्या हातातला खडू पडला.

"आजी, मी परिच्छेदांना म्हणालो..."

"त्यांचंच औषध आणलंय." तिनं पिशवी उघडली आणि पसाभर नागली थेट निबंधाच्या कागदावर ओतली. "ही सात वर्षांची. एक कीड दाखवा."

"सात वर्षांची कशावरून?"

"धाकटीचं लगीन झालं त्या पावसातली. तिला बोलावू? सुरगाण्याला दिलीय."

"नको, नको!" सर घाईनं म्हणाले. "पण हे कागदावर कसं जाणार?"

"गेलं की! बघा ना, कागदावरच हाय."

वर्ग हसून लोटपोट झाला. वर्षानं तोंड दप्तराआड लपवलं. बायडी थांबली नाही. बाही सारून तिनं कोपर टेबलावर हाणलं. "हा हाडाचा पुरावा. मोहाच्या झाडावरनं पडले दोनदा. झाडाची फांदी मोडली, मी नाय." टेबलावरच्या वह्या घसरून खाली आल्या. "आता पोटाचा. तुक्या, ऊठ!"

तुका जागेवर नव्हता.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि पुरावा सापडला. तो जेवणाच्या पडवीत पहिल्या पंगतीला मांडी घालून बसला होता. समोर भात, वरण, बटाट्याची भाजी. बायडी पोचेपर्यंत दुसरं ताट संपत आलं होतं.

"मुडद्या! नागलीचा साक्षीदार तू, आन भात हाणतोस?"

"वहिनी, खरं सांगू का?" तुका बोटं चाटत म्हणाला. "नागली नागलीच्या जागी. पण भाताची मजाच येगळी."

अख्ख्या शाळेनं ऐकलं. स्वैपाकीणबाईनं खूश होऊन तिसरं ताट वाढलं. देवराम सरांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, "वर्षा, बारा वाजलेत. पाकीट राहू दे या वर्षी."

बायडीनं स्वतःच्या हातानं आणलेल्या माणसानं पोरीचा निबंध बुडवला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या विरुद्ध माणूस बोलला होता, तोही तोंडात घास असताना.

वर्षानं मात्र वर्गातून नागली झटकून कागद आणला आणि पडवीतच मान खाली घालून लिहायला बसली. एकदाच मान वर केली, तीही तुका स्वैपाकीणबाईला पुन्हा हाक मारत होता तेव्हा. तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आकडा लिहिला. अडीचला ती उभी राहून वाचू लागली.

"काही जण म्हणतील, की भात अधिक रुचकर असतो. हे खरं आहे. आज आमच्या शाळेत तुकाआजा यांनी बारा वाजता तीन ताटं भात खाल्ला आणि त्याची स्तुती केली. परंतु सव्वा वाजता त्यांनी पुन्हा जेवण मागितलं. हेच तुकाआजा एका नागलीच्या भाकरीवर दिवसभर चिखलात आवणी करतात, हे आमचा पाडा दरवर्षी पाहतो. म्हणजे भात जिभेला पुरतो आणि नागली पोटाला."

कुणी हसलं नाही. तुकाच काय तो मान डोलावत म्हणाला, "बरोबर हाय पोरीचं."

बायडी भिंतीला टेकून उभी होती. पोरीनं आवाज चढवला नव्हता, कुणाची आईबहीण काढली नव्हती. उलट आधी वैऱ्याला खरं म्हटलं, जेवू दिलं, आणि मग त्याच्याच ताटानं त्याला हरवलं. वर वैऱ्यानं मान डोलावली! असलं भांडण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

सरांनी पाकीट चिकटवलं आणि एसटी पकडायला धावले.

"आन माझं हाड?" बायडीनं विचारलं. "ते कुठं लिवलंस?"

"घरचा साक्षीदार धरत नाहीत, आजी. ताकद कमी होते."

परतीच्या जीपमध्ये तुका छाती काढून बसला होता. "वहिनी, माझं नाव पालघरला चाललं. आन तुझं?"

जीपमधली सगळी माणसं बायडीकडे वळली.

"थांब जरा," ती म्हणाली. "रविवारी पोरगी घरी आली का तुला कसं हरवायचं ते तिला इचारून सांगते."