मोरांच्या खणाची गोधडी

नातवाच्या बारशाला गोधडी आपल्या हातची द्यायची, आणि तीही सोसायटीतल्या पोरांना शिकवता शिकवता, ही सुमतीबाईंची हौस. नवीन पनवेल तेव्हा नुकतंच वसत होतं. मे महिन्याच्या सुट्टीत पोरं दिवसभर समोरच्या बांधकामाच्या वाळूत लोळत. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या सुमतीबाईंना दगड आपल्याच कपाळावर येईल असं वाटलं नव्हतं.

"प्रत्येकानं घरून एकेक जुनं कापड आणा," त्या म्हणाल्या.

पण जुने कपडे म्हणजे आयांची ठेव. ते बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं यायचं होतं. त्यांना कोण हात लावू देणार? शेवटी शेजारच्या टिपणीसकाकूंच्या ऋचानं डोकं चालवलं. ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात नुसते पडून असतात, कुणी शिवत नाही. तिनं त्यातला एक उचलला, बाकीच्यांनी तिचाच कित्ता गिरवला.

रंग बघून सुमतीबाई इतक्या हरखल्या की कुठून आणले हे विचारायचंच राहिलं. पोरांनी चौकोन कापले, बोटं टोचून घेत जोडले, वाकडातिकडा धावदोरा घातला. ऋचाच्या कापडातला जांभळा, मोरांचा चौकोन मधोमध बसला. गोधडी दृष्ट लागेल अशी झाली.

ती लागलीच. बारशाला लेकीच्या, रेवाच्या सासूबाई जावेला घेऊन आल्या. रेवाच्या लग्नात मानपानावरून धुसफूस झाली होती. आज तरी विहीणबाई हसतमुखानं जाव्यात म्हणून सुमतीबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. बाळाला गोधडीवर निजवलं आणि टिपणीसकाकू ओरडल्या, "अगं बाई, हा तर माझ्या कपाटातला पीस! सुमतीवहिनी, तुम्हीच दिलात ना संक्रांतीला?"

विहीणबाईंनी चष्मा लावला. "आणि यांना मी दिला होता. रेवाच्या लग्नात, ओटीत."

सुमतीबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांचे यजमान प्रभाकरराव "पंखा जरा वाढवतो" म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

"माझ्या हातचं कापड एवढं नकोसं झालं?"

"नाही हो! इतकं सुंदर होतं, कात्री लावायला जीवच झाला नाही..."

"वाटून टाकायला बरा झाला!"

सुमतीबाईंचे डोळे भरून आले. आता लेकीला जन्मभर टोमणे. तेवढ्यात विहीणबाईंच्या मोठ्या जाऊबाई गोधडीवर वाकल्या आणि मोरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "कुसुम, हा मी बेळगावहून तुझ्यासाठी आणलेला खण ना गं?"

विहीणबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. मग हळूच सुमतीबाईंना खेटून कानात पुटपुटल्या, "ताई, ते कात्रीचं मघाशी काय म्हणालात? जरा नीट सांगा ना परत."